कार्ब्युरेटर स्पेसर, नौका-एंजिनातील

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात कार्ब्युरेटर आणि सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा नळीसमूह यांच्यामध्ये बसविल्या जाणाऱ्या, आरपार छिद्रे असलेल्या जाड पट्टास किंवा ठोकळ्यास ‘स्पेसर’ म्हणतात. त्याची जाडी सामान्यतः १२ ते ५० मिमी. असते. त्याची कामे दोन. एंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये शिरू न देणे हे पहिले आणि कार्ब्युरेटरखालील पोकळीचे आकारमान व आकार बदलून हवा-इंधन मिश्रणाच्या प्रवाहाला वळण लावणे हे दुसरे. मोटारगाड्यांच्या शर्यतींतून दुसऱ्या कामाची प्रसिद्धी अधिक झाली असली, तरी नौकेच्या एंजिनात पहिले काम अधिक महत्त्वाचे ठरते. स्पेसरमुळे मिळणारी शक्तिवाढ अल्प असते. मात्र कडक उन्हाळ्यात बंद केलेले एंजिन पुन्हा चालू होईल की नाही, हे पुष्कळदा या साध्या भागावर अवलंबून असते.

कार्ब्युरेटर व नौका-एंजिन : गोटलीप डाइमलर यांनी १८८६ मध्ये नेकार नदीत पेट्रोल एंजिनावर चालणारी नौका चालवून दाखविली. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर तयार केला. त्याच वर्षी हंगेरीतील बांकी व चोंका यांनीही अशाच साधनाचे एकस्व मिळविले. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत नौकेच्या मागील फळीवर टांगावयाचे आउटबोर्ड एंजिन विकण्यास आणले. त्यानंतर सु. शंभर वर्षे लहान नौकांच्या पेट्रोल एंजिनांत कार्ब्युरेटरचेच राज्य होते.

कार्ब्युरेटरमधील हवेचा मार्ग मध्यभागी अरुंद केलेला असतो. या गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो आणि त्यामुळे फ्लोट कक्षातील पेट्रोल जेटमधून ओढले जाऊन हवेत फवारले जाते. दाबातील ही घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणजे हवेचा वेग निम्मा झाल्यास पेट्रोल ओढणारा दाबफरक चतुर्थांश होतो. फवारलेले पेट्रोल नळीसमूहातून म्हणजे मॅनिफोल्डमधून जाताना अंशतः वाफ होऊन सिलिंडरात पोहोचते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मोठ्या मच्छीमार नौका बहुतांशी डीझेल एंजिनांवर चालतात. डीझेल एंजिनात कार्ब्युरेटर नसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत स्पेसरचा प्रश्नच उद्भवत नाही. हा भाग संबंधित असतो तो लहान होड्यांवरील आउटबोर्ड एंजिने, सहलीच्या वेगवान नौका आणि पूर व शोधकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी नौका यांच्याशी. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशातही अशी एंजिने अपरिचित नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळे येथे असून पूर व बुडीत दुर्घटनांच्या वेळी ती हवा भरलेल्या नौका घेऊन जाते. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला ज्या तापी नदीचे पाणी मिळते, तिच्यावरील हतनूरसारखे विस्तीर्ण जलाशय आणि नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदेचे बुडीत क्षेत्र ही या भागातील नौकांची पाण्याची वाट होय. नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना वैद्यकीय सेवाही बोटीनेच पोहोचविली जाते. जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात सावलीतील तापमान ४५° से. च्या वर जाते. अशा हवेत कार्ब्युरेटरयुक्त एंजिन चालविणाऱ्याला उष्णतारोधनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उष्णतारोधक कार्य : पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. ते सु. ३५° से. ला उकळू लागते आणि सु. २००° से. पर्यंत त्याची पूर्ण वाफ होते. याचा अर्थ असा की, खानदेशातील उन्हाळ्यात त्याचे सर्वांत हलके घटक सावलीतही उकळण्याच्या बेतात असतात. एंजिन चालू असताना मात्र ही अडचण सहसा जाणवत नाही. फ्लोट कक्षात सतत नवे पेट्रोल येत असते, हवेचा झोत वाहत असतो आणि पेट्रोलच्या बाष्पीभवनामुळे कार्ब्युरेटर आपोआप थंड राहतो. योग्य प्रमाणातील मिश्रणातील सर्व पेट्रोलची वाफ झाल्यास हवेचे तापमान सिद्धांतानुसार सु. २०° ते २५° से. नी उतरते.

खरी अडचण एंजिन बंद केल्यावर सुरू होते. त्या क्षणी थंड करणारे पाणी फिरणे थांबते, हवेचा झोत थांबतो आणि सिलिंडरशीर्षातील साठलेली उष्णता मॅनिफोल्डवाटे वर चढू लागते. नौकेतील एंजिन लाकडी किंवा काचतंतूच्या झाकणाखाली बंदिस्त असते. मोटारगाडीप्रमाणे खालून वारा लागण्याची सोय तेथे नसते. दहा-वीस मिनिटांत फ्लोट कक्षातील पेट्रोल उकळून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये सांडते. त्यानंतर एंजिन सुरू करावयास गेल्यास मिश्रण इतके समृद्ध झालेले असते की, ते पेटत नाही. कधी याच्या उलट कक्ष रिकामा होऊन व पुरवठा-नळीत वाफेचा बुडबुडा अडकून पेट्रोल मिळतच नाही. रस्त्यावर हा केवळ खोळंबा ठरतो. परंतु भरतीच्या ओढीत, धरणाच्या सांडव्याजवळ किंवा शोधकार्याच्या वेळी एंजिन बंद राहणे जिवावर बेतू शकते.

येथे स्पेसरचा उपयोग होतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता दर मीटर दर अंशाला सु. १०० ते २०० वॉट असते, तर कागद किंवा कापड यांचे थर फिनॉलिक रेझिनाने जोडून बनविलेल्या पट्टाची सु. ०·२ ते ०·३५ वॉट असते. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट याच कुलातील होय. १०० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या व १२ मिमी. जाडीच्या फिनॉलिक स्पेसरच्या दोन बाजूंत ६०° से. चा फरक असल्यास त्यातून सु. १५ वॉट एवढीच उष्णता जाते. मात्र कार्ब्युरेटर आवळणारे चार पोलादी स्टड हीच उष्णता मागल्या दाराने वर नेतात. ८ मिमी. व्यासाचे चार साध्या पोलादाचे स्टड त्याच तापमानफरकाला, त्याच लांबीतून, सिद्धांतानुसार सु. ५० वॉट वाहून नेऊ शकतात, म्हणजे स्पेसरच्या तिपटीहून अधिक. स्टड अगंज पोलादाचे असल्यास हा आकडा सु. १६ वॉटवर येतो. त्यासाठी नटांखाली तंतुमय पदार्थाचे वॉशर घालतात व स्टड छिद्राच्या कडेला टेकू देत नाहीत. एवढी काळजी न घेता नुसता जाड स्पेसर बसविल्यास त्याचा बराचसा गुण वाया जातो. धातूचा स्पेसर उष्णतारोधनासाठी निरुपयोगी आहे, हे यावरून स्पष्ट होते. तो केवळ प्रवाहाच्या आकारासाठी वापरला जातो.

थंड कार्ब्युरेटरमुळे आत जाणारी हवाही थंड व दाट राहते, असे सांगितले जाते. ते तत्त्वतः खरे आहे. मिश्रणाचे तापमान ६०° वरून ५०° से. वर आल्यास घनता सु. ३% वाढते. परंतु मिश्रण तापते ते मुख्यतः कार्ब्युरेटरमध्ये नव्हे, तर त्यानंतर मॅनिफोल्डच्या गरम भिंतींशी व सिलिंडरात. त्या भागावर स्पेसरचा परिणाम होत नाही. म्हणून प्रत्यक्ष लाभ या आकड्यापेक्षा पुष्कळच कमी असतो.

प्रवाहाचे नियमन : सिलिंडर मिश्रण सलग ओढत नाहीत, धक्क्याधक्क्याने ओढतात. दर मिनिटास ३,००० फेरे करणाऱ्या चार सिलिंडरांच्या चार धावी एंजिनात असे सेकंदाला १०० धक्के कार्ब्युरेटरला बसतात. कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांमधील पोकळी मोठी असल्यास हे धक्के तेथे काहीसे शमतात. शिवाय सरळ खाली येणाऱ्या मिश्रणाला आडव्या नळ्यांकडे वळण्यापूर्वी अधिक अंतर मिळते. एकदम काटकोनात वळताना हवा सहज वळते, पण जड पेट्रोलचे थेंब भिंतीवर आदळून वेगळे पडतात. वळण सौम्य झाल्याने मिश्रण निरनिराळ्या सिलिंडरांत अधिक समप्रमाणात वाटले जाते.

प्रकार : छिद्रांच्या रचनेनुसार स्पेसरचे तीन मुख्य प्रकार होतात.

(१) खुला स्पेसर : याच्या मध्यभागी एकच मोठी पोकळी असते. ती कार्ब्युरेटरखालील एकूण आकारमान वाढविते. जास्त फेऱ्यांवर, मॅनिफोल्डच्या सर्व नळ्या एकाच पोकळीतून फुटत असतील तेथे, याचा थोडा लाभ दिसतो. कमी फेऱ्यांवर मात्र कार्ब्युरेटरच्या गळ्यातील दाबफरक मंदावतो आणि झडप एकदम उघडल्यास एंजिन अडखळते.

(२) चार छिद्रांचा स्पेसर : चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरखाली प्रत्येक नळीसाठी स्वतंत्र छिद्र असते. त्यामुळे प्रवाहाचा वेग टिकून राहतो व दाबफरक स्पष्ट राहतो. कमी व मध्यम फेऱ्यांवरील परिपीडन म्हणजे फिरविण्याचा जोर यामुळे टिकून राहतो.

(३) संमिश्र स्पेसर : याची छिद्रे वर स्वतंत्र असून खाली निमुळती होत एकमेकांत मिसळतात. पहिल्या दोन प्रकारांचा हा मध्य होय.

मॅनिफोल्डची रचनाही विचारात घ्यावी लागते. ज्या मॅनिफोल्डमध्ये सिलिंडरांचे दोन गट दोन वेगळ्या पातळ्यांवरील मार्गांनी पोसले जातात, तेथे खुला स्पेसर बसविल्यास मधली भिंत निरर्थक ठरते आणि कमी फेऱ्यांवरील जोर घटतो. अमेरिकन बनावटीच्या आठ सिलिंडरी नौका-एंजिनांत असा दुहेरी मॅनिफोल्ड पुष्कळ आढळतो. म्हणून अशा एंजिनाला मोटारशर्यतीत उपयोगी पडलेला स्पेसर नौकेत लाभदायक ठरेलच असे नाही.

दोन धावी आउटबोर्ड एंजिनात कार्ब्युरेटरमागे पात्यांची झडप व तिच्यामागे भुजाक्षपेटी असते. या ठिकाणी बहुतेक उत्पादक मुळातच उष्णतारोधक ठोकळा बसवितात. त्याची जाडी चोषणमार्गाच्या एकूण लांबीशी जुळविलेली असते. तो काढणे किंवा दुप्पट जाड करणे दोन्ही अहितकारक ठरू शकते. जुन्या एंजिनात तो तडकला असेल किंवा दुरुस्तीत हरवला असेल, तर मूळ मापाचा परत बसविणे हीच सर्वांत लाभदायक ‘सुधारणा’ होय.

केरोसिनवरील एंजिनांचा अपवाद : पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ व कर्नाटकात, पेट्रोलवर सुरू करून नंतर केरोसिनवर चालविली जाणारी आउटबोर्ड एंजिने मोठ्या प्रमाणात वापरली गेली. केरोसिन पेट्रोलपेक्षा बऱ्याच अधिक तापमानास बाष्परूप होते. म्हणून अशा एंजिनाला मिश्रणमार्गातील उष्णता हवीच असते. तेथे जादा उष्णतारोधन केल्यास इंधनाचे थेंब न जळता राहतात, ठिणगी गुडद्या काजळतात व धूर वाढतो. एकच भाग एका इंधनाला उपकारक व दुसऱ्याला अपायकारक ठरतो, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. थंड व दमट हवामानातही अतिरिक्त उष्णतारोधन त्रासदायक ठरते. बाष्पीभवनाने थंड झालेल्या कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवेतील बाष्प गोठून बर्फ साचण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात हा धोका जवळजवळ नाही.

शक्तिवाढीचे मोजमाप : नौकेत शक्ती प्रचालक पंख्यामार्फत पाण्याला दिली जाते. पाणी कापत जाणाऱ्या नौकेत पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्तीत ३% वाढ झाली, तर फेरे सु. १ टक्क्यानेच वाढतात. ४,००० फेरे असतील, तर ते ४,०४० होतील आणि ताशी ८ सागरी मैलांचा वेग सु. ८·०८ मैल होईल. स्पेसरने मिळणारी वाढ ३% पर्यंत पोहोचली, तरी ती समाधानकारक मानावी लागते. पुष्कळदा ती मोजण्याच्या चुकीपेक्षाही लहान असते. याउलट नौकेच्या तळावर शेवाळ व शिंपले साचल्याने, वाकलेल्या पंख्याने किंवा चुकीच्या अंतरालाच्या पंख्याने यापेक्षा कितीतरी अधिक वेग वाया जातो. म्हणून तळ साफ करणे, पंखा तपासणे, ठिणगीचा समय जुळविणे व कार्ब्युरेटर स्वच्छ करणे ही कामे आधी करावीत आणि स्पेसरचा विचार शेवटी करावा.

स्पेसरचा परिणाम पहावयाचा असल्यास त्याच नौकेत, तेवढेच वजन व इंधन घेऊन, शांत पाण्यात चाचणी घेतात. प्रवाह व वारा यांचा परिणाम वगळण्यासाठी एकाच अंतरावर जाऊन-येऊन सरासरी काढतात. पूर्ण झडप उघडून मिळणारे फेरे, तेवढ्याच अंतराला लागणारे पेट्रोल आणि ठिणगी गुडद्यांचा रंग यांची नोंद करतात. गुडदीचे चिनी मातीचे टोक तपकिरी असणे योग्य, तर पांढरे पडणे हे मिश्रण विरल झाल्याचे लक्षण होय. उष्णतारोधनाची परीक्षा मात्र वेगळी असते. तापलेले एंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी ते किती प्रयत्नांत सुरू होते, हे पाहतात. उष्ण प्रदेशात याच परीक्षेला अधिक महत्त्व द्यावे.

सुरक्षितता : नौकेत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण सु. १·४ ते ७·६ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास ठिणगीने स्फोट होतो. मोटारगाडीत सांडलेले पेट्रोल रस्त्यावर गळून जाते, नौकेत त्याला जाण्यास जागाच नसते. म्हणून नौकेसाठीचा कार्ब्युरेटर वेगळ्या रीतीने बनविलेला असतो. त्याच्या फ्लोट कक्षाच्या वायुनलिका आतील बाजूस वळविलेल्या असतात, जेणेकरून उतू गेलेले पेट्रोल बाहेर न सांडता एंजिनात जाते. त्याच्या तोंडावर धातूच्या जाळीचा ज्वालारोधक असतो. एंजिन उलटे पेटल्यास निघणारी ज्वाला तो थोपवून धरतो. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसविलेल्या, आउटबोर्ड सोडून इतर सर्व पेट्रोल नौका-एंजिनांना अशी ज्वाला रोखण्याची सोय सक्तीची आहे. सुरू करण्यापूर्वी एंजिनकक्षातील पंखा किमान चार मिनिटे चालवावा, असाही तेथील दंडक आहे.

स्पेसर बसविल्याने कार्ब्युरेटर तेवढाच वर उचलला जातो व त्यातून पुढील गोष्टी उद्भवतात : (१) ज्वालारोधक एंजिनाच्या झाकणाला टेकू शकतो. तो काढून टाकून जागा करणे अत्यंत धोक्याचे होय. (२) रोधझडपेची तार व दांडा यांचा कोन बदलतो. झडप पूर्ण न उघडणे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, उघडी अडकणे संभवते. स्पेसर बसविल्यावर एंजिन बंद ठेवून झडपेची संपूर्ण हालचाल अनेकदा तपासणे आवश्यक असते. (३) पेट्रोलची ताठ नळी ताणली जाऊन तिचा सांधा गळू शकतो. (४) एका सांध्याऐवजी दोन सांधे होतात व प्रत्येकाला स्वतंत्र पॅकिंग लागते. कोठेही हवा आत शिरल्यास मिश्रण विरल होते. नौकेचे एंजिन तासन्‌तास जवळजवळ पूर्ण भाराखाली चालत असल्याने विरल मिश्रणाने दट्ट्या वितळण्यापर्यंत वेळ येते. (५) खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम व पोलाद यांच्या संपर्कात विद्युत्‌ रासायनिक गंज चढतो, म्हणून स्टडांना योग्य लेप द्यावा लागतो.

स्पेसरच्या द्रव्याची निवडही याच दृष्टीने करावी. त्रिमितीय मुद्रणयंत्रावर घरच्या घरी बनविलेले स्पेसर अलीकडे दिसतात. त्यांतील सर्वसाधारण पीएलए प्लॅस्टिक सु. ६०° से. लाच मऊ पडते, त्यामुळे ते या कामासाठी सर्वस्वी अयोग्य आहे.

इथेनॉलयुक्त पेट्रोल : भारतात २०२३ पासून २०% इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले व २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉलला ज्वलनासाठी वजनाने सु. ९ पटच हवा लागते. त्यामुळे जुन्या जेटच्या कार्ब्युरेटरमध्ये या इंधनाचे मिश्रण सु. ७ ते ८ टक्क्यांनी विरल पडते. इथेनॉलमुळे पेट्रोलच्या हलक्या भागाचे बाष्पीभवन अधिक सुलभ होते, म्हणून उष्णतारोधनाची गरज वाढते. शिवाय ते पाणी शोषते. फार पाणी शिरल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. जुनी पॅकिंगे व रबरी नळ्याही त्याने फुगतात किंवा तडकतात. जुन्या नौका-एंजिनात स्पेसर बसविताना पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या द्रव्याचे आहे, याची खात्री करणे आणि जेटचे माप पुन्हा तपासणे आवश्यक झाले आहे.

सद्यःस्थिती : इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या इंधन-अंतःक्षेपणाने नव्या नौका-एंजिनांतून कार्ब्युरेटरला बहुतांशी हटविले आहे. अमेरिकेत २०१० पासून लागू झालेल्या निष्कास मानकांनी या बदलाला गती दिली. अंतःक्षेपणात पेट्रोल दाबाखाली फिरत राहत असल्याने उकळण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. तथापि, कार्ब्युरेटरयुक्त आउटबोर्ड एंजिने स्वस्त, दुरुस्तीस सोपी व विजेवाचून दोरीने सुरू होणारी असल्यामुळे लहान होड्यांवर ती अजूनही वापरात आहेत. तालुक्याच्या गावातील कारागिरालाही ती उघडून नीट करता येतात. अशा एंजिनांत मूळ उष्णतारोधक स्पेसर शाबूत ठेवणे, त्याचे सांधे हवाबंद राखणे आणि शक्तिवाढीच्या आशेने सुरक्षिततेची साधने न हलविणे, एवढी दक्षता घेतल्यास हा साधा भाग आपले काम चोख बजावतो.